वॉकरभोवती दीड वेढा

थांब, थांब ओवी! वॉकर ओढू नकोस. आधी खाली वाक आणि त्याचा खिडकीकडचा पाय बघ. दिसलं? गोकर्णीच्या वेलानं धरलाय तो. चांगला दीड वेढा घातलाय. काल संध्याकाळची फेरी मारून मी वॉकर तिथे टेकवला, तेव्हा वेलाचा शेंडा चार बोटं लांब होता. मी त्याला उचलून तिथे नेलं नाही, तुझ्या आईनंही नाही. रात्रीत तो आपला आपण गेला.

माझी चालायची वेळ साडेपाचची. आत्ता साडेचार होतायत. तोवर आपल्याला वेल सोडवायचाय, पण हळूच. तेव्हा बस इथे पलंगावर, माझ्या बऱ्या गुडघ्याच्या बाजूला.

वॉकर तिथे आहे हे वेलाला कळलं कसं? त्याला कळलंच नव्हतं. तुम्ही आंधळी कोशिंबीर खेळता ना? डोळ्यांवर रुमाल बांधलेला गडी काय करतो? हात लांब करतो आणि चारी बाजूंनी फिरवतो, कुणीतरी हाताला लागेल म्हणून. वेलाचा शेंडा दिवसरात्र हेच करत असतो. आपल्याला तो स्थिर दिसतो, कारण आपण त्याच्याकडे फार तर अर्धा मिनिट बघतो.

मी दोन आठवडे बघतोय. खिडकीच्या काचेवरचे ते निळे ठिपके माझेच. याच खुर्चीत, याच जागी डोकं टेकवून, एक डोळा मिटून दर पाव तासानं शेंडा काचेवर जिथे दिसेल तिथे एक ठिपका. ठिपके जोडले तर लांबट गोल तयार होतो. नाश्ता झाल्यावर सुरू केलेली फेरी जेवणाचं ताट यायच्या आत पुरी. मग दुसरी सुरू.

आता उभी राहा. पाय हलवायचे नाहीत. कमरेतून पुढे झुक. आता डावीकडे. आता मागे, जमेल तेवढंच. आता उजवीकडे, आणि पुन्हा पुढे. तुझ्या डोक्यानं हवेत एक गोल काढला, पण तुझं तोंड सगळा वेळ माझ्याकडेच होतं. तू गिरकी घेतली नाहीस, झुकत गेलीस. वेलही पिळवटत नाही, झुकत जातो. शेंड्याच्या मागच्या कोवळ्या भागात एका बाजूच्या पेशी जास्त लांबतात, की शेंडा दुसऱ्या बाजूला कलतो. मग शेजारच्या बाजूची पाळी येते, मग तिच्या शेजारची. असं वाढत वाढतच तो गोल फिरतो. फिरता फिरता एखादी काठी आडवी आली, की देठ तिथे अडतो आणि पुढचा मोकळा शेंडा तसाच फिरत राहतो. झाला वेढा!

हे ज्यानं नीट मोजलं, तोही माझ्यासारखाच खोलीत अडकलेला होता. चार्ल्स डार्विन. हो, तोच, गलापागोसच्या बेटांवर गेलेला. पण ते तरुणपणी. मी सांगतोय ती 1863 च्या आसपासची गोष्ट. तेव्हा तो 54 वर्षांचा होता आणि वर्षानुवर्षांच्या दुखण्यानं पार थकला होता. पोट बिघडायचं, उलट्या व्हायच्या, कित्येक दिवस खोलीबाहेर पडता यायचं नाही. इंग्लंडमधल्या केंट परगण्यात डाऊन नावाच्या खेड्यात त्याचं घर. अमेरिकेतले वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे त्याचे स्नेही. काकडीच्या कुळातल्या वेलांचे ताणे कसे हलतात, यावर ग्रे यांनी एक छोटं टिपण लिहिलं होतं आणि डार्विनला बीही पाठवलं होतं. त्यानं ते पेरलं, आणि वेलांनी त्याला धरलं ते कायमचं.

एकदा आजारपणात त्यानं हॉप्सच्या वेलाची कुंडीच खोलीत आणवली. हॉप्स म्हणजे बिअरला कडसर चव आणणारा वेल, केंटमध्ये त्याचे मळेच्या मळे. डार्विननं वेल काठीला बांधला आणि शेंड्याचं जेमतेम पावणेदोन इंचांचं कोवळं पेर मोकळं सोडलं. मग रात्रंदिवस फेऱ्या मोजल्या. किती? 37! उबदार दिवसात एका फेरीला सरासरी 2 तास 8 मिनिटं लागत होती. 1865 साली त्यानं हे सगळं निबंधात मांडलं. पुढे दहा वर्षांनी त्याचं पुस्तक झालं.

मला राहून राहून त्या खोलीचं नवल वाटतं. हिंडता-फिरता डार्विन हॉप्सच्या मळ्याशेजारून किती वेळा गेला असेल! पण चालणाऱ्या माणसाला वेल चालताना दिसत नाही. त्यासाठी एका जागी बसावं लागतं. आपल्या जगदीशचंद्र बोसांनी झाडाची वाढ दहा हजार पटींनी मोठी करून दाखवणारं यंत्र बनवलं. केवढं अचाट काम! पण वेलाच्या फेरीला यंत्रही लागत नाही. खुर्ची लागते आणि रिकामी दुपार लागते. माझ्या वयात दोन्ही असतात. नोकरीत होतो तेव्हा बाल्कनीतल्या झाडांना सकाळी घाईघाईनं तांब्याभर पाणी ओतायचो, बस. एवढी वर्षं झाडं घरात होती, पण मी त्यांच्या वेळेला घरी नव्हतो.

आणखी एक गंमत. हॉप्सचा वेल वरून पाहिला तर घड्याळाच्या काट्यांसारखा फिरतो. आपली गोकर्णी बरोबर उलटी. जगातले दहांतले नऊ वेल गोकर्णीच्या बाजूचे. लोकांना वाटतं, हे सूर्यामुळे असेल, विषुववृत्ताच्या पलीकडे गेलं की दिशा बदलत असेल. तसं नाही. गोकर्णी ऑस्ट्रेलियात लावलीस तरी तशीच चढेल. दिशा बियातच ठरलेली.

आता त्या फडताळावरच्या बाटलीकडे बघ. हो, मनीप्लांट. तुला तो कंटाळवाणा वाटतो, मला माहीत आहे. तुझी आजी लग्नानंतर दादरच्या चाळीतून निघाली, तेव्हा शेजारणीनं एक फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून दिली होती. त्या फांदीची फांदी, तिची फांदी, अशी ही बाटलीतली. म्हणजे बी नाही, पेरणी नाही, तेच झाड चालत आलंय. तुझ्या आत्याकडे नाशिकला आहे तेही हेच. त्याचं मूळ घर पार प्रशांत महासागरातलं मोओरेआ नावाचं बेट, आणि कूळ आपल्या अळूचं. म्हणून तर त्याचं पान चावलं तर घसा खवखवतो.

याचं फूल पाहिलंयस कधी? मीही नाही. 1880 साली शास्त्रज्ञांनी त्याला नाव दिलं, पण फूल हाती नसल्यानं नेमकं कुठल्या घरात बसवायचं हेच कळेना, आणि नाव पुन्हा पुन्हा बदलावं लागलं. फूल का येत नाही, याचा उलगडा 2016 मध्ये झाला. फुलायला लागणारं जिबरेलिन नावाचं संप्रेरक तो स्वतः पुरेसं बनवूच शकत नाही. बाहेरून फवारलं तर फुलतो. शिवाय बाटलीतला मनीप्लांट हे पोरच असतं. चढायला झाड मिळालं तर तोच मोठा होतो, पानं ताटाएवढी होतात आणि कडेनं फाटतात. सोसायटीच्या फाटकाजवळ नारळावर चढलाय ना, ज्याच्या पानाची तू पावसात छत्री केली होतीस? तो हाच. आमच्या घरात मात्र तो इतकी वर्षं बाळ राहिलाय. आजी असताना दर रविवारी बाटलीतलं पाणी बदलायची, डासांची अंडी नकोत म्हणून. आता रविवार माझा.

आणि म्हणूनच, ओवी, काल मी जरा मोठ्यानं बोललो. तू प्रेमानंच म्हणालीस, ‘आबा, तुम्ही पडून राहा, पाणी मी घालते.’ त्यावर एक गोष्ट सांगायची राहिली होती. अमेरिकेत कनेटिकट राज्यातल्या एका वृद्धाश्रमात एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या दोघी मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला, तो 1976 साली छापला गेला. एका मजल्यावरच्या आजी-आजोबांना सांगितलं : तुमची खोली कशी लावायची ते तुम्ही ठरवा, सिनेमा कुठल्या दिवशी बघायचा ते तुम्ही ठरवा, आणि हे रोप हवं असेल तर घ्या, त्याची काळजी तुम्हीच घ्यायची. दुसऱ्या मजल्यावरही प्रत्येकाला रोप दिलं, पण सांगितलं : पाणी परिचारिका घालेल. तीन आठवड्यांनी पाहिलं तर पहिल्या मजल्यावरची मंडळी जास्त हुशारीत होती, जास्त आनंदात होती, लोकांत मिसळत होती. पुढे दीड वर्षानं याहून मोठा निष्कर्ष छापला गेला, पण त्यातली आकडेमोड चुकल्याचं त्यांनीच प्रसिद्ध केलं, म्हणून तो मी तुला सांगत नाही. पहिला मात्र मला मनापासून पटतो. रोप दोन्हीकडे होतं. पाण्याचा तांब्या एकीकडेच होता.

तेव्हा तू ठिपके काढ, सुतळी बांध, पिवळी पानं वेच. पाणी मी घालणार. बोट मातीत पहिल्या पेरापर्यंत खुपसायचं. ओल लागली तर आज नाही, कोरडं लागलं तर घालायचं. बसल्या बसल्या जमतं ते मला.

चल आता, पाच वाजून गेले. शेंड्याला हात लावू नकोस, तो मोडला तर फिरणंच थांबेल. शेंड्याच्या खाली दोन बोटांनी देठ धर. वरून बघ आणि घड्याळाच्या दिशेनं मागे आण. हळू... तिथे लव अडकतेय, ओढू नकोस, उचल. हं. अर्धा सुटला. अजून एक. सुटला!

वेल तसाच धरून ठेव. ही सुतळी वर गजाला बांधलीय, खालचं टोक कुंडीतल्या काटकीला. आता वेल तिच्यावर गुंडाळायचा, पण घड्याळाच्या उलट. उलटच हं! चुकीच्या बाजूनं गुंडाळलास तर सकाळपर्यंत तो स्वतःला सोडवून लोंबत असेल. अस्सं.

मार्कर घे आणि माझ्या खुर्चीत बस. डोकं टेकव, एक डोळा मीट. शेंडा दिसतो तिथे ठिपका काढ, शेजारी वेळ लिही. आता वॉकर दे इकडे. आपण जिन्यापर्यंत जाऊन येऊ, आणि आलो की दुसरा ठिपका तूच काढ.