नमस्कार नेमका कुणाचा?

चिपळूणच्या बाजारपेठेत सकाळी पाच मिनिटं उभं राहिलं तर नमस्कार, रामराम, जय भीम, सलाम असं सगळं कानावर पडतं. यातला नमस्कार तेवढा मूळचा आणि सर्वांचा, बाकीचे त्या त्या समाजाचे, अशी आपली पक्की समजूत असते. हात जोडण्याची रीत जुनी आहे, यात वाद नाही. पण एकमेकांना ‘नमस्कार’ म्हणण्याची मुभा मात्र सर्वांना नव्हती. मराठेशाहीतल्या पत्रांचे मायने पाहिले तरी हे कळतं. ब्राह्मणाने ब्राह्मणाला लिहिताना नमस्कार, मराठा सरदाराने ब्राह्मणाला लिहिताना दंडवत आणि त्याला उलट उत्तर जायचं ते आशीर्वादाचं. पत्रातला मजकूर वाचण्याआधीच कोण कुठल्या पायरीवर उभा आहे, हे त्या एका शब्दावरून समजत असे.

ही केवळ लिहिण्याची पद्धत होती, सक्ती नव्हती, असा आक्षेप कुणी घेईल. त्याला १७७९ सालचा पुरावा उत्तर देतो. मुंबईतले सोनार आपसांत नमस्कार म्हणू लागले, तेव्हा पुण्याच्या दरबाराने हरकत घेतली आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सरकारने त्यांना तशी मनाई केली. डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली छापलेल्या, जातिनिर्मूलनावरच्या न झालेल्या भाषणात हे प्रकरण मांडलं आहे. ज्या शब्दासाठी सरकारी हुकूम काढावा लागतो, तो सर्वांचा होता असं म्हणता येत नाही. तो पुढे सर्वांचा झाला, आणि याचं श्रेय तो न सोडणाऱ्यांना आहे.

दुसरा गैरसमज असा की, जय भीम म्हणजे साध्या अभिवादनात घुसवलेलं राजकारण. पण त्याआधी महार समाजाच्या तोंडी कोणता शब्द होता ते पाहावं. तो होता जोहार. तो वरच्याला करायचा आणि वरच्याने तो तसाच परत करायचा नाही, अशी रीत. म्हणजे राजकारण जोहारातही होतंच, फक्त ते खालच्याच्या पाठीवर लादलेलं होतं. जय भीम रूढ करण्याचं श्रेय कामठीच्या बाबू हरदास यांना दिलं जातं. या अभिवादनाला उत्तर म्हणून तोच शब्द परत येतो, आणि खरा फरक इथेच पडला. गंमत अशी की पालघरकडच्या आदिवासींमध्ये जोहार आज अभिमानाने आणि बरोबरीच्या नात्याने म्हटला जातो. तेव्हा दोष शब्दात नसतो, एकतर्फी व्यवहारात असतो.

मग लहानांनी मोठ्यांच्या पाया पडणं हीही लाचारीच का? तसं म्हणणं घाईचं होईल. वयाचा मान आज जो देतो, तो उद्या घेतोही. जातीची पायरी मात्र जन्मभर हलत नसे. शिवाय वाकण्याला बरोबरीचं वळण देता येतं, हे वारकऱ्यांनी कधीच दाखवलं आहे. दोघे भेटले की दोघेही एकमेकांच्या पायांना हात लावतात, वय आणि जात न विचारता. शिमग्यात पालखी दारी आली की घरातले लहानथोर तिच्यापुढे सारखेच वाकतात. त्याच पालखीच्या मानपानावरून गावकीत भांडणंही होतात, कारण तिथे प्रश्न देवाचा नसून माणसांच्या क्रमाचा असतो.

थायलंडचा ‘वाय’ म्हणजे आपलाच नमस्कार, असंही पर्यटक सहज म्हणून जातात. खूण सारखी असली तरी तिचे नियम वेगळे आहेत. तिथे आधी लहानाने हात जोडायचे. थोरापुढे बोटांची टोकं नाकापर्यंत न्यायची, भिक्षूपुढे आणखी वर. भिक्षू मात्र उलट वाय करत नाही. सोबतचा ‘सवद्दी’ हा शब्द संस्कृत ‘स्वस्ति’वरून आला असला तरी अभिवादन म्हणून तो १९३० च्या दशकात एका विद्वानाने घडवला आणि १९४३ साली सरकारने अधिकृत केला. तिथेही जे सनातन वाटतं ते आजोबांच्या पिढीतलं निघतं.

म्हणून कुठलं अभिवादन अस्सल, हा वाद फारसा उपयोगाचा नाही. बाजारपेठेतला हमाल हात जोडतो तेव्हा पेढीवरचा शेठ हात जोडतो की नुसती मान हलवतो, एवढं पाहिलं तरी मान किती खरा ते कळतं.