घसरायला जायचे, पण कोठे?

सहलीची गोष्ट निघाली की पूर्वी आमच्या खांबच्या बाजूला पाली, महाबळेश्वर, फार तर गोवा एवढीच नावे निघत. मुंबई-गोवा रस्ता दारावरूनच जातो, त्यामुळे गोवा म्हणजे आम्हांला शेजारघर. आता मात्र गुलमर्ग, औली, सोलंग ही नावे दहावी-अकरावीच्या मुलांच्या तोंडी असतात. पायांना लांब पट्ट्या बांधून पांढऱ्याशुभ्र उतारावरून घसरत जायचे, या खेळाला स्की म्हणतात. तो खेळायला यांपैकी कोठे जावे, असे मला वरचेवर विचारले जाते. मी पदार्थविज्ञान शिकवतो, सहली नेत नाही. परंतु हा प्रश्न पुष्कळसा पदार्थविज्ञानाचाच आहे. चौघांच्या कुटुंबाने वर्षभर पैसे साठवायचे, दोन-दोन दिवसांचा प्रवास करायचा आणि वाळलेले गवत पाहून परतायचे, असे खरोखरच घडते. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्गला गेलेल्या अनेकांवर ही पाळी आली. महिन्याचे तीन आठवडे उलटले तरी तेथील उतार जवळजवळ उघडेच होते.

प्रथम एका शब्दाचा निकाल लावू. फ्रिजमध्ये गोठतो तोही बर्फ आणि आकाशातून भुरभुरतो तोही बर्फ, असे आपण सरसकट बोलतो. या दोहोंत फार फरक आहे. आकाशातून पडतो त्याला या लेखात मी हिम म्हणणार आहे. घट्ट बर्फाची घनता एका घनमीटरला सुमारे ९१७ किलोग्रॅम असते, तर थंड हवेत नुकत्याच पडलेल्या हिमाची पन्नास ते शंभरच. म्हणजे ताज्या हिमात नव्वद टक्के हवाच असते! दहा सेंटिमीटर ताजे हिम वितळवले, तर जेमतेम एक सेंटिमीटर पाणी मिळते.

आता आपल्या सह्याद्रीत हिम का पडत नाही ते पाहू, म्हणजे ते कोठे पडेल हेही कळेल. डोंगर चढताना दर हजार मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. कोकण किनाऱ्यावर जानेवारीचे सरासरी तापमान २४ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. ते शून्यावर यायला किती उंची हवी? २४ ला ६.५ ने भागा : जवळजवळ ३,७०० मीटर. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटरांचे, म्हणजे निम्म्यालाही पोचत नाही. आमच्या खांबचा सुरगड तर या हिशेबात टेकाडच. आणि समजा, चार हजार मीटरांचा डोंगर येथे असता, तरी काय? जानेवारीत आपल्या आकाशात ढग नसतो. थंडी असते तेव्हा बाष्प नाही आणि आषाढात बाष्प धो-धो येते तेव्हा थंडी नाही. हिमाला दोन्ही एकाच वेळी लागतात.

महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी पहाटे गवतावर पांढरा थर दिसला, की वर्तमानपत्रांत ‘महाबळेश्वरला बर्फ’ असे छापून येते. ते हिम नव्हे. निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे टाकते, जमिनीलगतचा हवेचा थर शून्यापर्यंत थंड होतो आणि गवतावरचे दव गोठते. ऊन आले की संपले. पाहायला सुंदर, घसरायला निरुपयोगी.

हिमालयाला हिवाळ्यात बाष्प कोठून मिळते? भूमध्य समुद्राकडून पूर्वेकडे सरकत येणाऱ्या वादळी पट्ट्यांतून. त्यांना हवामानशास्त्रज्ञ पश्चिमी विक्षोभ म्हणतात. ते पश्चिमेकडून येतात, म्हणून काश्मीरला त्यांचा वाटा आधी आणि भरघोस मिळतो. हिमाचल प्रदेश आणि गढवाल यांकडे सरकेतो त्यांचा जोर बहुधा कमी झालेला असतो. गुलमर्ग ३४ अंश उत्तर अक्षांशावर सुमारे २,६५० मीटर उंच आहे. औली साडेतीस अंशांवर आणि त्याचे उतार साधारण अडीच ते तीन हजार मीटरांच्या पट्ट्यात. उंची जवळपास सारखी, पण गुलमर्ग अधिक उत्तरेला आणि विक्षोभांच्या वाटेवर. श्रीनगरचे जानेवारीचे सरासरी तापमान दोन-अडीच अंश असते. गुलमर्ग त्याहून हजारेक मीटर वर, म्हणून तेथे ते उणे चारच्या आसपास येते. तेव्हा पडलेले हिम टिकते. केवळ हिमाच्या खात्रीवर गुण द्यायचे, तर माझे मत गुलमर्गला.

पण खात्री म्हणजे हमी नव्हे. विक्षोभ वेळापत्रकाने येत नाहीत. २०२४ च्या जानेवारीत ते बराच काळ फिरकलेच नाहीत. २०२५ च्या फेब्रुवारीत गुलमर्गला ठरलेल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा हिम पुरेसे नाही म्हणून पुढे ढकलून मार्चमध्ये घ्याव्या लागल्या. येथेच आपल्या शाळांच्या सुट्ट्या आडव्या येतात. नाताळात सुट्टी असते म्हणून सगळे नाताळात जातात. काश्मिरी लोक कडाक्याच्या चाळीस दिवसांना ‘चिल्लई कलान’ म्हणतात. तो काळ २१ डिसेंबरला सुरू होऊन जानेवारीच्या अखेरीस संपतो. म्हणजे नाताळात थंडीचा मुख्य भाग नुकता सुरू झालेला असतो. हिम एका रात्रीत साठत नाही, थरावर थर बसत जातो. जानेवारीचा शेवटचा आठवडा ते फेब्रुवारीअखेर हा काळ मला अधिक भरवशाचा वाटतो. दहावी-बारावीच्या मुलांनी मात्र परीक्षा उरकल्यावर पुढच्या हिवाळ्याचाच विचार करावा. गावाच्या नावापेक्षा महिना महत्त्वाचा, हे पैसे भरण्यापूर्वी वडीलमंडळींना पटवून द्या.

हिम कमी पडले तर यंत्राने पाडता येते, असे कोणी सांगेल. खरे आहे. औलीला २०११ च्या जानेवारीत दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धा झाल्या, तेव्हा तशी यंत्रे तेथे आणली होती. पाण्याचा बारीक फवारा थंड हवेत उडवायचा, थेंब खाली येईतो गोठतात. त्यासाठी थंडी किती लागते? येथे आपला माठ मदतीला येतो. तोच माठ सोलापूरला पाणी गारेगार करतो आणि खांबला नुसते कोमट ठेवतो, हे तुम्ही अनुभवले असेल. कोरड्या हवेत पाण्याची वाफ भराभर होते आणि ती जाताना उष्णता घेऊन जाते. फवाऱ्यातल्या थेंबाचेही तसेच. म्हणून साध्या तापमापकावर भिस्त ठेवत नाहीत. फुग्याला ओले फडके गुंडाळलेला तापमापक उणे दोनच्या खाली गेला, तरच यंत्र चालवतात. हवा फार कोरडी असेल, तर साधा तापमापक शून्याच्या किंचित वर असूनही काम भागते. हवा दमट असली, की सगळे यंत्र थंड बसते. यंत्र आहे म्हणून हिम आहेच, असे धरून चालू नका.

उताराची दिशाही विचारून घ्यावी. २२ डिसेंबरला औलीच्या अक्षांशावर भर दुपारी सूर्य दक्षिण क्षितिजापासून फक्त ३६ अंश वर असतो. २० अंशांचा उतार दक्षिणेकडे तोंड करून असेल, तर किरण त्याच्या पृष्ठभागाशी ५६ अंशांचा कोन करतात. उत्तरेकडे असेल, तर १६ अंशांचा. ज्या येत असतील त्यांनी ज्या-कोष्टक उघडावे : ०.८३ आणि ०.२८. एकाच डोंगराच्या दक्षिण अंगाला उत्तर अंगाच्या तिप्पट ऊन मिळते! कौलारू घराच्या उत्तरेकडच्या कौलांवर शेवाळ अधिक काळ का टिकते, त्याचे कारण हेच. हिमाला उत्तरेचा उतार मानवतो.

आता घसरण्याविषयी. पुष्कळ पुस्तकांत असे लिहिलेले असते, की स्कीच्या दाबाने हिम वितळते आणि त्या पाण्यावरून माणूस घसरतो. आपण हिशेब करून पाहू. साठ किलोग्रॅमच्या माणसाचे वजन सुमारे ६०० न्यूटन. दोन्ही स्कींचे मिळून क्षेत्रफळ पाव चौरस मीटर धरा. दाब झाला २,४०० न्यूटन दर चौरस मीटरला, म्हणजे वातावरणाच्या दाबाचा चाळिसावा हिस्सा. बर्फाचा वितळणबिंदू एका अंशाने खाली आणायला सुमारे १३५ वातावरणांचा दाब लागतो. तेव्हा स्कीमुळे तो एका अंशाच्या पाच हजाराव्या भागाइतकाच उतरेल. उणे पाच अंशांवरचे हिम त्याने काय वितळणार? मग ओलावा येतो कोठून? मुख्यतः घर्षणातून. १९३९ मध्ये बाउडन आणि ह्यूझ यांनी आल्प्स पर्वतात प्रयोग करून घर्षणाच्या उष्णतेने पातळ पाणथर तयार होतो असे दाखवले. शिवाय बर्फाचा अगदी वरचा थर वितळणबिंदूच्या खालीही पुरता घट्ट नसतो, अशी कल्पना मायकेल फॅरडेने १८५० मध्येच मांडली होती.

स्कीच्या रुंद-लांबपणाचा उपयोग निराळाच आहे : माणूस रुतत नाही. नुसत्या बुटांचे क्षेत्रफळ स्कीच्या सहाव्या भागाइतके, म्हणून दाब सहापट. चिखलाच्या शेतात फळी टाकून चालणाऱ्याला हे सांगायला नको.

या निसरडेपणाचा परिणाम मात्र गांभीर्याने घ्या. घर्षणगुणांक ०.०५ धरला, तर तीन अंशांच्या उतारावरही माणूस घसरू लागतो. आठ अंशांचा उतार डोळ्यांना जवळजवळ सपाट वाटतो. त्यावर पन्नास मीटर सरळ घसरलात, तर हवेचा विरोध सोडून वेग ताशी ३४ किलोमीटर होतो. पंचवीस अंशांच्या उतारावर तेवढ्याच अंतरात ताशी ६९! ब्रेक न लागणाऱ्या सायकलीवरून घाट उतरण्यासारखे आहे ते. म्हणून नवशिक्याने ठिकाण निवडताना शिखर किती उंच हे न विचारता, शिकण्याचा उतार किती सौम्य आणि त्याच्या पायथ्याशी आपोआप थांबायला सपाट मैदान किती, हे विचारावे. गुलमर्गच्या कुरणात असे उतार आहेत, सोलंगला आणि औलीलाही आहेत. शिकवणाऱ्या सरकारी संस्थाही आहेत : गुलमर्गला भारतीय स्कीइंग व गिर्यारोहण संस्था, तर मनालीची अटलबिहारी वाजपेयी गिर्यारोहण संस्था सोलंगला वर्ग घेते. दोन तास भाड्याच्या स्की बांधून कोणाच्या तरी खांद्याला धरून घसरण्यापेक्षा अशा वर्गाची चौकशी करावी. तेथे पहिला धडा असतो तो थांबण्याचा. स्कींची पुढची टोके जवळ आणि मागची दूर, अशी पाचर करायची. कडा हिमात रुततात आणि वेग मरतो.

गुलमर्गला रज्जुमार्ग आहे. त्याचा पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत, दुसरा अफरवटच्या अंगावर सुमारे ३,९५० मीटरपर्यंत जातो. पाळण्यात बसून कोणीही वर जाऊ शकतो, आणि हाच त्यातला धोका आहे. भाताची रास आपल्या ठरावीक कोनाहून अधिक उभी करू गेलात तर ढासळते. हिमाचे थर निरनिराळ्या दिवशी पडलेले, काही घट्ट, काही भुसभुशीत. तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर भुसभुशीत थर तुटला, की वरची लादीच्या लादी सुटते. याला हिमस्खलन म्हणतात. याहून सौम्य उतारावर ते सहसा सुटत नाही आणि फार उभ्या उतारावर हिम साठतच नाही. ८ फेब्रुवारी २०१० रोजी खिलनमर्गला अशा स्खलनात सरावासाठी गेलेले १७ जवान मृत्युमुखी पडले. १ फेब्रुवारी २०२३ ला अफरवटवर पोलंडचे दोघे आणि २२ फेब्रुवारी २०२४ ला रशियाचा एक जण गेला. हे सारे हिम ओळखणारे लोक होते. खुणा केलेल्या, राखलेल्या उताराबाहेर पाऊल टाकायचे नाही. उतार तुमच्या पायांखाली सौम्य असला, तरी डोक्यावरचा उभा असू शकतो.

औलीला जायचे तर हृषीकेशहून जोशीमठपर्यंत सुमारे २५० किलोमीटरांचा डोंगरी रस्ता आहे. २०२३ च्या जानेवारीत जोशीमठची जमीन खचू लागली, घरांना तडे गेले आणि तेथून औलीला जाणारा रज्जुमार्ग बंद करावा लागला. तेव्हा निघण्यापूर्वी वाटेची चौकशी हवीच. गुलमर्ग श्रीनगरहून पन्नासेक किलोमीटर, सोलंग मनालीहून तेराच.

आपण कोकणातली माणसे समुद्रसपाटीच्या जाड हवेला सरावलेली. गुलमर्गला हवेचा दाब पाऊणपटीच्याही किंचित खाली येतो, रज्जुमार्गाच्या वरच्या टोकाला तीनपंचमांशावर. पाणी गुलमर्गला ९१ अंशांलाच उकळते, त्यामुळे कुकर नसेल तर डाळ शिजता शिजत नाही. पहिल्या दिवशी डोके दुखणे, दम लागणे स्वाभाविक आहे. तो दिवस हिंडण्याफिरण्यात घालवावा आणि स्की दुसऱ्या दिवशी बांधावी. ताजे हिम उन्हाचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग परत फेकते, म्हणून काळा चष्मा ही चैन नव्हे. आणि जीनची विजार घरीच ठेवावी : नवशिक्या दहा मिनिटांत दहादा पडतो, सुती कापड पाणी पिते, आणि पाणी हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने अंगातली ऊब ओढून नेते.