चालू करून बघू नका

आजोबांचा अ‍ॅम्प्लिफायर किंवा मामांनी दुबईहून आणलेला टेपडेक माळ्यावरून खाली उतरला, की घरातलं कुणीतरी उत्साही माणूस आधी प्लग लावतं. ‘बघू तरी चालतोय का!’ मग धूर निघतो आणि मंडळी माझ्याकडे येतात. पुण्यातल्या तपकीर गल्लीपासून चालत जाण्याच्या अंतरावर मी जुन्या ऑडिओची दुरुस्ती करतो. माझा अनुभव असा, की ही यंत्रं वापरून कमी मरतात, पडून राहून जास्त.

धुराला बहुतेक वेळा जबाबदार असतो फिल्टर कंडेन्सर. त्यात अ‍ॅल्युमिनियमच्या दोन पातळ पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये रसायनात भिजवलेला कागद गुंडाळलेला असतो. एका पट्टीवर ऑक्साइडचा अगदी पातळ थर असतो. वीज अडवायचं काम तो करतो. वर्षानुवर्षं वीज मिळाली नाही की हा थर कमजोर होतो, रसायनही सुकतं. त्यावर एकदम पूर्ण व्होल्टेज आलं तर कंडेन्सर शॉर्ट होतो आणि जाताना ट्रान्सफॉर्मरलाही घेऊन जातो. कंडेन्सर दुकानात मिळतो हो. तसाच ट्रान्सफॉर्मर गुंडाळून देणारा कारागीर मात्र शोधत हिंडावं लागतं.

म्हणून माझ्या टेबलावर सिरीज बोर्ड आहे. मेन्स आणि यंत्र यांच्या मध्ये जुना, तारेचा, पिवळ्या उजेडाचा बल्ब. आत शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि यंत्र वाचतं. सगळं ठीक असेल तर क्षणभर उजळून मंद होतो. एलईडीनं हे काम होत नाही, त्यामुळे तसले बल्ब दिसले की मी उचलून ठेवतो. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरला तर व्हेरिअ‍ॅकवरून हळूहळूच व्होल्टेज चढवतो. आणि कृपा करून त्याचं झाकण घरी उघडू नका. आत तीनशे-चारशे व्होल्ट असतात, आणि प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये ते टिकून राहू शकतात.

हल्ली यंत्र आलं की त्यातले सगळे कंडेन्सर सरसकट बदलायची टूम निघाली आहे. मला ती पटत नाही. मी आधी मोजतो. जुन्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरमधले कागदी कपलिंग कंडेन्सर मात्र न विचारता बदलतो, कारण ते गळू लागले की आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडवर नको ते पॉझिटिव्ह व्होल्टेज जातं आणि चांगला व्हॉल्व्ह तापून वाया जातो. फिल्म कंडेन्सर सहसा ठणठणीत असतात. ते उपटायचे कशाला? प्रत्येक नव्या डाखाबरोबर जुन्या बोर्डावरची तांब्याची पट्टी उखडण्याची भीती असते. व्हॉल्यूम फिरवताना येणारी खरखर तर बहुतेक वेळा कार्बनच्या पट्टीवरची घाण असते. तिला कॉन्टॅक्ट क्लीनर पुरतो. गंज सोडवायचा तेलकट स्प्रे मात्र मारू नका, त्यावर धूळ आणखी चिकटते.

नव्या पार्टांचीही कथा आहेच. 2एन3055 हा लोखंडी टोपीचा ट्रान्सिस्टर आरसीएनं साठच्या दशकात आणला आणि जगभरच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये तो शिरला. कागदावर 15 अँपिअर, 115 वॅट. आज त्याच नावाचा बनावट माल सर्रास मिळतो. टोपी कापून पाहिली तर आत इवलीशी चिप. भंगारातल्या जुन्या बोर्डावरून काढलेला अस्सल नग मला त्यापेक्षा बरा वाटतो.

पण खरी मजा टर्नटेबलची. अमेरिकेहून परतलेली मंडळी तिथला टर्नटेबल प्रेमानं घेऊन येतात. 110 व्होल्टचा आहे म्हणून स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लावतात आणि तक्रार करतात, की बुवा फार संथ गातात. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, फ्रिक्वेन्सी नाही. तिकडे 60 हर्ट्झ, इथे 50. ज्या टर्नटेबलची एसी मोटर मेन्सच्या तालावर फिरते, त्याची 33⅓ फेऱ्यांची तबकडी मिनिटाला जेमतेम 28 फेऱ्या घेते. सहाला पाच हे प्रमाण म्हणजे नेमका कोमल गंधार! काळी एकमध्ये गाणारा गवई थेट खालच्या काळी पाचमध्ये उतरतो. उपाय साधा आहे: मोटरच्या दांड्यावरची पुली 50 हर्ट्झची बसवायची. ती मिळाली नाही तर लेथवाल्याकडून करून घ्यायची. गॅरार्डचा 1954 सालचा प्रसिद्ध 301 घ्या, त्यालाही दोन्ही फ्रिक्वेन्सींसाठी वेगळ्या पुल्या होत्या. डीसी किंवा क्वार्ट्झ मोटरवाल्यांना ही अडचण येत नाही.

वेग तपासायला 180 रेघांची स्ट्रोब तबकडी चोकवाल्या ट्यूबखाली ठेवतो. ती ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. वेग बरोबर असेल तर रेघा जागच्या जागी उभ्या दिसतात. पण वेगातली बारीक लहर डोळ्यांपेक्षा कानाला लवकर कळते. त्यासाठी मी तानपुरा असलेला विलंबित ख्याल लावतो. ख्यालातली तान फसवू शकते, तानपुरा नाही. षड्ज थरथरला की तबकडी फिरवणाऱ्या आयडलर चाकाचं रबर एका जागी चपटं झालंय किंवा बेअरिंगचं तेल सुकलंय, असंच बहुतेक वेळा निघतं.

कोकणातून आणि मुंबईतून येणाऱ्या यंत्रांची दुखणी वेगळी. जुन्या क्रिस्टल कार्ट्रिजमध्ये रोशेल सॉल्टचा स्फटिक असतो, आणि दमट हवा त्याला सोसत नाही. आवाज पिचका होतो, मग जातो. त्याला दुरुस्ती नाही. सिरॅमिक कार्ट्रिज बसवायचं. स्पीकरच्या कडेचा फोमही बोट लावताच भुगा होऊन पडतो. कोन शाबूत असेल तर नवी कड चिकटवता येते. कापडी किंवा कागदी कडेचे स्पीकर तुलनेनं दीर्घायुषी.

पावसाळ्यात यंत्र प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवू नका, आत ओल कोंडते. वर सुती फडकं टाका, आठवड्यातून एकदा अर्धा तास गाणं लावा, आणि त्या वेळी फडकं काढायला विसरू नका. अ‍ॅम्प्लिफायरची उष्णता वरूनच बाहेर पडते.