मुलाखतीचं बोलावणं आलंय!

पूर्वी आपल्या घरांत मुलाखत म्हटली की नोकरीची, नाहीतर मुलगी दाखवण्याची. आता तिसरी एक मुलाखत आली आहे, एम.बी.ए.च्या प्रवेशाची. नोव्हेंबरच्या अखेरीस कॅटची परीक्षा होते, डिसेंबर-जानेवारीत निकाल लागतो आणि त्यानंतर एप्रिलपर्यंत मुलाखती चालतात. अहमदाबाद, कलकत्त्याच्या १९६१ सालच्या व्यवस्थापन संस्था असोत की नागपूरची २०१५ साली निघालेली. परीक्षेच्या गुणांवर नुसतं बोलावणं येतं. आणि ते कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलांनाच येतं असं नाही, बरं का! चार वर्षं नोकरी केलेल्या, लग्न झालेल्या मुलींनाही येतं. आमच्या घरी ते माझ्या धाकट्या जावेला आलं.

बोलावणं आलं की घरातली पुरुषमंडळी पहिल्यांदा सामान्य ज्ञानाची जाडजूड पुस्तकं आणतात. मग देशोदेशीच्या राजधान्या आणि नाण्यांची नावं यांचं पाठांतर सुरू! माझं मत विचाराल तर हा वेळेचा अपव्यय आहे. समोर दोन-तीन परीक्षक बसतात आणि पंधरा-वीस मिनिटं बोलतात. त्यांच्या हातात असतो तो आपला अर्ज. जन्मगाव, पदवीचा विषय, नोकरी, छंद, मधली रिकामी वर्षं, यातूनच त्यांचे बहुतेक प्रश्न निघतात. म्हणून अर्जाची प्रत काढून घ्यावी, लाल पेन्सिल घ्यावी आणि ज्या ज्या शब्दावर कुणी अडवू शकेल त्याखाली रेघ मारावी.

जावेनं छंदात ‘वाचन’ लिहिलं होतं. भाकऱ्या थापता थापता मी विचारलं, “शेवटचं पुस्तक कुठलं वाचलंस गं?” बाईसाहेब गप्प! अर्ज तर जाऊन बसलेला. आता महिनाभरात दोन पुस्तकं खरोखर वाचणं एवढाच इलाज होता, आणि तो तिनं केला.

गावाचं तसंच. ती सांगलीची. सांगली म्हटलं की हळद, हे परीक्षकालाही ठाऊक असतं. पुढचं आपल्याला सांगता आलं पाहिजे. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. हरिपूरला जमिनीखालच्या पेवांत हळद साठवत. २००५ च्या महापुरात त्यांतली कित्येक पेवं निकामी झाली. मग पेव गेल्यावर हळद कुठे राहते, त्याचं भाडं कोण भरतं, भाव कमी असताना शेतकरी माल रोखून धरू शकतो का, हे प्रश्न ओघानं आलेच. ती रविवारी माहेरी गेली आणि वडिलांच्या ओळखीच्या एका अडत्याजवळ तासभर बसून आली. त्या तासानं जे दिलं ते कुठल्या गाईडात नव्हतं.

पदवीचा विषय मात्र मुलींना सर्वांत जास्त नडतो. बी.कॉम. होऊन पाच वर्षं झाली की ‘घसारा’ म्हणजे काय ते पुस्तकी भाषेत आठवतं, उलगडून सांगता येत नाही. मी शाळेत अर्धवेळ शिकवते, म्हणून मी तिला म्हटलं, “मी सातवीतली मुलगी आहे असं समज, आणि आपल्या घरघंटीवरून सांग.” घरघंटी अठरा हजारांची, सहा वर्षं चालेल, नंतर भंगारात काही मिळणार नाही असं धरलं, तर वर्षाला तीन हजार खर्चात घालायचे. इथवर ठीक. मग मी विचारलं, “म्हणजे दरवर्षी तीन हजार खिशातून जातात का?” जात नाहीत, पैसे पहिल्याच दिवशी गेले, पुढे फक्त हिशेबात खर्च पडतो. असा दुसरा प्रश्न मुलाखतीत हमखास येतो, आणि तिथंच पाठांतर तोंडघशी पडतं. तिची नोकरी बँकेतली, म्हणून नव्वद दिवस हप्ता थकला की कर्ज बुडीताच्या वाटेवरचं का धरतात आणि रिझर्व्ह बँकेनं रेपो दर बदलला की आपल्या घराच्या हप्त्याचं काय होतं, हेही याच रीतीनं झालं.

“एम.बी.ए. कशाला?” याला तिचं पहिलं उत्तर होतं, “करिअरच्या प्रगतीसाठी.” असं उत्तर दहाजणी देतात. खोदून विचारल्यावर म्हणाली, “वहिनी, बचत गटाच्या बायका हप्ता चुकवत नाहीत, पण मोठं कर्ज मागायला आल्या की आमच्याकडे त्यांच्यासाठी नीट योजनाच नसते. ती आखणाऱ्या टेबलाशी मला बसायचंय.” मी म्हटलं, हेच सांग!

पण खरी मुलाखत घरात व्हायची होती. लग्न झालेल्या मुलीला एखादा परीक्षक विचारतोच, “घरचं कसं जमवणार?” विचारू नये खरं तर, मुलांना कुणी विचारत नाही. पण विचारलं तर चिडून किंवा रडवेलं होऊन चालत नाही. “घरी बोलणं झालं आहे, दोन वर्षं मी वसतिगृहात राहणार आहे,” एवढं शांतपणे सांगावं. मात्र त्यासाठी घरी बोलणं खरंच झालेलं असावं लागतं! आमच्याकडे ते कुणी काढेना. सासूबाई धुसफुसत होत्या, भाऊजी वर्तमानपत्राआड. शेवटी एका रात्री जेवणं झाल्यावर तिनंच विषय काढला. सासूबाई म्हणाल्या, “दोन वर्षं घराबाहेर? आणि वीस लाख कुठून आणायचे?” जुन्या संस्थांचा खर्च त्याहूनही पुढे जातो. तिनं वहीच पुढे केली. शैक्षणिक कर्ज मिळतं, हप्ते साधारणपणे शिक्षण संपल्यावर वर्षभरानं सुरू होतात, व्याज मात्र रक्कम उचलल्यापासून चढतं. तेही तिनं लपवलं नाही. सासूबाई लगेच ‘हो’ म्हणाल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, “जा, पण दिवाळीला आलं पाहिजे.”

राहता राहिली कागदपत्रं. लग्न झालेल्यांनी इथं फार जपावं. गुणपत्रिका माहेरच्या नावाच्या आणि आधारकार्ड सासरच्या, असा घोळ बहुतेकींचा असतो. विवाह नोंदणीचा दाखला, नाव राजपत्रात बदललं असेल तर त्याची प्रत, आणि सगळ्या मूळ कागदांच्या दोन-दोन छायाप्रती एका फायलीत लावाव्यात. साडी नेसायची तर रोजच्या सवयीची, सुती. नवी कोरी नको, ती सावरण्यातच लक्ष जातं. मुलाखत परगावी असेल तर आदल्या दिवशीच मुक्कामाला जावं.