बारा फुटांची रेघ

मे सरत आला की चामोर्शी तालुक्यात घराघरांवर माणसं चढलेली दिसतात. माकडांनी फोडलेली कवेलू काढायची, कुजलेल्या बांबूच्या कमच्या बदलायच्या, मिरगाचा पाऊस येण्याआधी छप्पर फेरून घ्यायचं. आढ्यापाशी बसलेल्या मिस्त्रीच्या पायाखाली सागाचा फाटा असतो. हाताला धरायला बहुतेक वेळा काहीच नसतं. तो जमिनीपासून किती उंचावर बसला आहे, हे कायद्याने फुटांत मोजून ठेवलं आहे, यावर सहसा कुणाचा विश्वास बसत नाही.

पण तसं आहे. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात इमारतींची नोंद होती: एका मजल्याहून उंच, किंवा जमिनीपासून छपराच्या टोकापर्यंत बारा फूट वा अधिक. अशी इमारत बांधणारा, दुरुस्त करणारा, पाडणारा कामगार या कायद्याच्या कक्षेत आला. गावातलं माळ्याचं कौलारू घर आढ्यापाशी सहज बारा फूट भरतं!

ही रेघ कुठून आली ते पाहू लागलं की थक्क व्हायला होतं. सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वी बाबिलोनच्या हम्मुराबी राजाने दगडावर कोरून घेतलं की घर कोसळून मालक मेला, तर बांधणाऱ्याला देहदंड. त्या कलमांत घरमालक, त्याचा मुलगा, त्याचा गुलाम, त्याचं सामान, सगळ्यांचा विचार आहे. काम करताना छपरावरून पडणाऱ्या माणसाचा मात्र नाही. त्याचा विचार व्हायला एकोणिसावं शतक संपत यावं लागलं. १८९७ च्या ब्रिटिश कायद्याने परांची बांधून काम चालणाऱ्या इमारतींवरच्या मजुरांना भरपाईचा हक्क दिला, पण इमारत तीस फुटांहून उंच असेल तरच. आपल्याकडे ती रेघ बारा फुटांवर उतरली आणि कौलारू घरावरचा माणूस तिच्या आत आला.

या कायद्यांनी आणखी एक मोठी गोष्ट केली. पूर्वी जखमी मजुराला मालकाची चूक सिद्ध करावी लागे. आता काम करताना अपघात झाला एवढं पुरतं. भरपाईचा आकडाही कुणाच्या मर्जीवर सोडलेला नाही. मृत्यू झाला तर महिन्याच्या मजुरीचा अर्धा भाग घ्यायचा आणि वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणायचा. तीस वर्षांच्या माणसासाठी गुणक २०७.९८, चाळिशीच्या माणसासाठी १८४.१७. हाती उरलेली कमावती वर्षं जितकी जास्त, तितका गुणक मोठा. २०२० साली ठरलेली पंधरा हजारांची मजुरीची मर्यादा धरली, तर तीस वर्षांच्या मिस्त्रीच्या कुटुंबाचा हक्क होतो १५,५९,८५० रुपये. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला. हिशेबाची रीत तीच राहिली.

हे पैसे द्यायचे कुणी? काम ठेकेदाराला दिलं असेल, तर मजुरांचा मालक तो. पण आपण मिस्त्रीला थेट रोजाने लावलं, तर ती जबाबदारी आपल्या दारात येऊ शकते. तुरळक कामावरच्या मजुराला वगळणारे शब्द १९२३ च्या कायद्यातून २००० सालच्या दुरुस्तीनेच काढून टाकले गेले. पंधरा लाख ना ठेकेदाराच्या खिशात असतात, ना आपल्या. म्हणून विमा.

विम्यातली जादू शुद्ध गणिताची आहे. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला वीस रुपये भरले की अपघाती मृत्यूनंतर वारसाला दोन लाख मिळतात. एक लाख माणसांचे वीस-वीस रुपये म्हणजे वीस लाख. दहा कुटुंबांना पुरतील इतके. कोण पडेल हे कुणीच सांगू शकत नाही, पण माणसं पुष्कळ असली की साधारण किती पडतील हे सांगता येतं. याकोब बर्नुलीने हे सिद्ध केलं आणि त्याचं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १७१३ मध्ये छापलं गेलं. त्या सिद्धांताच्या आधाराने आज एका मजुराच्या पासबुकात वीस रुपयांची वजावट पडते.

आता ते पासबुक नीट बघा. या विम्याचं वर्ष १ जूनला सुरू होतं आणि ३१ मेला संपतं. म्हणजे ऐन छपरं फेरण्याच्या हंगामात! खात्यात वीस रुपये नसले आणि वजावट झाली नाही, तर ३१ मेला विमा असलेला मिस्त्री दुसऱ्या दिवशी त्याच आढ्यावर विम्याविना बसलेला असतो. म्हणून जूनच्या कामाआधी यंदाची नोंद पडली का, ते विचारावं.

दुसरा कागद इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाच्या नोंदणीचा. वय १८ ते ६० आणि मागच्या वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम, एवढी अट. काम करताना मृत्यू झाला तर वारसाला पाच लाख मिळतात, पण नोंदणी जिवंत हवी. कार्ड हातात घेतलं की आधी नूतनीकरणाची तारीख पाहावी. मिस्त्रीची नोंदणीच नसेल, तर आपल्याकडे केलेल्या कामाचे दिवस त्याला लिहून द्यावेत. ९० दिवस भरायला तेही कामी येऊ शकतात.

मोठं काम घेणाऱ्या ठेकेदाराकडे मात्र कर्मचारी भरपाईची पॉलिसीच मागावी. नाव त्याचंच आहे का, मजूर किती लिहिलेत, काम रंगाचं लिहिलंय की छपराचं, ठिकाण कोणतं, मुदत कुठवर, हे वाचावं आणि पॉलिसी क्रमांक सांगून विमा कंपनीत खात्री करावी. ‘काढतो दोन दिवसांत’ या शब्दावर काम सुरू करू देऊ नये. १९३८ च्या विमा कायद्याचं कलम ६४ व्हीबी सांगतं की हप्ता आधी जमा झाल्याशिवाय कंपनी जोखीम घेत नाही. पाय घसरल्यावर भरलेल्या हप्त्याचा काहीच उपयोग नाही.

मिस्त्री ओळखीचा, भावकीतला असतो, कागद मागायला संकोच वाटतो. तो बाजूला ठेवावा. कागद मागणं म्हणजे त्याच्यावर संशय घेणं नव्हे. त्याच्या लेकराबाळांची काळजी करणं आहे. रोजाचा भाव ठरवण्याआधी हे दोन-तीन कागद पाहायला दहा मिनिटं लागतात, आणि एवढ्या पिढ्यांनी मिळवून ठेवलेला हक्क त्या दहा मिनिटांत त्याच्या घरापर्यंत पोहोचतो.