मागील दारची लवंगी मिरची

परसांत तुळस, अळू, कढीलिंबाचें झाड व मिरचीचीं चार रोपें नाहींत असें घर आमच्या लहानपणीं क्वचितच आढळे. तुळशीला वृंदावन असे, अळूला मोरीचें पाणी मिळे. पण मिरचीची विशेष विचारपूस कोणी करीत असल्याचें आम्हांस आठवत नाहीं. फोडणी तडतडूं लागली कीं घरांतील एखाद्या मुलास "चार मिरच्या तोडून आण" अशी आज्ञा होई, आणि तें मूल मागील दारीं धांवे. तें झाड कोणीं लावलें, त्याचें बी कोठून आलें, ही चौकशी करण्याचें आम्हांस कधीं सुचलें नाहीं. ती करण्याचा प्रसंग २०२३ सालीं आमच्यावर आला. त्या हंगामांत जें शिकलों तें वाचकांपुढें मांडावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

आमच्या मोठ्या काकूंचें माहेर कोल्हापुराकडील. लग्नानंतर पहिल्या सणाला माहेरीं जाऊन परत येतांना त्यांनीं लवंगी मिरचीचें बी पुरचुंडींत बांधून पुण्यास आणलें, व तेव्हांपासून दरवर्षीं आपल्याच झाडांचें बी धरून तो वाण राखला. मिरची लहान, बारीक, आणि तिखट एवढी कीं घरच्या आमटीला एक पुरे. २०२१ सालीं काकू वारल्या. त्यांच्या मागें दोन वर्षें परसांत कोणींच मिरची लावली नाहीं. मंडईंत हवी तेवढी मिळते, मग खटपट कशाला, असा आम्हीं सोयीचा विचार केला. २०२३ च्या चैत्रांत माळा आवरतांना एका जुन्या डब्यांत कागदाची पुडी सांपडली. तिच्यावर काकूंच्या अक्षरांत 'लवंगी, २०२०' एवढेंच लिहिलेलें होतें. आंत मोजून साठ बिया निघाल्या.

मिरचीचें बी साधारणपणें दोन-तीन वर्षांपलीकडे नीट उगवत नाहीं. म्हणजे यंदा पेरलें नाहीं तर पुढें पेरण्यांत अर्थ नव्हता. धाकट्या वहिनींचें म्हणणें, सर्वच पेरावें. बाबांचें म्हणणें, निम्में तरी राखून ठेवावें. अखेर चाळीस पेराव्या व वीस राखाव्या असें ठरलें.

बी हातांत घेतांच मुलांनीं प्रश्न केला, "काकूआजींच्या माहेरीं तरी हें कोठून आलें?" प्रश्न रास्त होता. मिरची मूळची आपली नव्हे. ती अमेरिका खंडांतील. मेक्सिकोंत हजारों वर्षांपूर्वींपासून तिची लागवड होत आली आहे. कोलंबस १४९२ सालीं तिकडे पोहोंचला, त्यानंतर ती युरोपांत आली, आणि सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांच्या गलबतांतून आपल्या पश्चिम किनाऱ्यास लागली. ज्ञानेश्वरमहाराजांच्या काळीं महाराष्ट्रांतील कोणाच्याहि ताटांत मिरची नव्हती. तेव्हां तिखटपणाचें काम मिरीं, पिंपळी आणि आलें हीं करीत. 'मिरची' हें नांवहि मिऱ्यांवरूनच पडलेलें आहे. आणि कांहीं घरांत श्राद्धाच्या स्वयंपाकाला मिरचीऐवजीं मिरीं वापरण्याचा परिपाठ अजून आहे, त्यांत त्या जुन्या काळाची खूण राहिली आहे असें म्हणण्यास हरकत नाहीं. सारांश, मिरची या देशांत आली ती कोणाच्या तरी गांठोड्यांतूनच, आणि घरोघर पोहोंचली तीहि तशीच.

रोहिणी नक्षत्रांत, मे महिन्याच्या अखेरीस, आम्हीं बी पेरलें. माती, चाळलेलें शेणखत व थोडी वाळू यांचें मिश्रण एका पसरट कुंडींत भरून, पाव इंच खोलीवर, दोन-दोन बोटांच्या अंतरानें बिया ठेविल्या. ताजें बी उबदार हवेंत आठ-दहा दिवसांत उगवतें. आमच्या जुन्या बियांनीं पंधरा-सोळा दिवस लावले, आणि चाळिसांतून उगवल्या केवळ चौदा. मुलांस एवढा हर्ष झाला कीं जो तो येतां-जातां झारी घेऊन पाणी घालूं लागला. आम्हींहि कौतुकानें पाहत राहिलों. चौथ्या दिवशीं सकाळीं पाहावें तों पांच रोपें जमिनीलगत काळीं पडून आडवीं झालेलीं! सतत ओल्या मातींत वाढणाऱ्या बुरशीनें हा रोग होतो, व एकदां रोप कोलमडलें कीं त्यास उपाय नाहीं. मिरचीच्या रोपास वरची माती सुकल्यावांचून पाणी देऊं नये, हा धडा आम्हीं पांच रोपें देऊन घेतला. प्रेमानें घातलेलें पाणीहि पाणीच असतें.

राहिलेलीं नऊ रोपें वीतभर होतांच, दिव्यांच्या अवसेच्या सुमारास, परसांत लावलीं. मिरचीस पाय पाण्यांत राहिलेले खपत नाहींत. म्हणून वाफा जमिनीपासून वीतभर उंच केला, मातींत कुजलेलें शेणखत मिसळलें, दोन रोपांत दीड फूट व दोन ओळींत दोन फूट अंतर राखलें, आणि दिवसांतून सहा तास तरी ऊन लागेल अशी जागा निवडली. खताचा हात मात्र आंखडता ठेविला. नत्र अधिक झालें कीं झाड पानांनीं माजतें आणि फुलांच्या नांवानें शून्य, हें काकूंच्या तोंडून आम्हीं अनेकदां ऐकलेलें होतें.

त्या वर्षीं अधिक श्रावण होता, पण श्रावणसरी कोठेंच दिसेनात. २०२३ चा ऑगस्ट महिना १९०१ पासूनच्या नोंदींत देशांतील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. अशा कोरड्या, उबदार हवेंत रस शोषणाऱ्या किडी फार वाढतात. निज श्रावण लागतां लागतां आमच्या नऊपैकीं सहा झाडांचीं पानें चुरडूं लागलीं. सामान्यतः लोक याला एकच नांव देतात, चुरडामुरडा किंवा बोकड्या, आणि एकच औषध शोधतात. परंतु पान नीट पाहिलें असतां भेद कळतो. पानाच्या कडा वर वळून त्याचा नावेसारखा आकार झाला असेल तर तें बहुधा फुलकिड्यांचें काम. कडा खालीं वळून देठ लांबलेला असेल तर कोळी म्हणून जो डोळ्यांस जेमतेम दिसणारा प्राणी आहे त्याचें. आणि शेंड्याचीं पानें बारीक, पिंवळसर व गुच्छासारखीं दाट होऊन झाडाची वाढच खुंटली असेल, तर तो विषाणूचा रोग. त्याचा प्रसार पांढरी माशी करते.

पहिल्या दोहोंवर इलाज चालतो. आमचीं चार झाडें फुलकिड्यांनीं ग्रासलेलीं होतीं. एक लिटर पाण्यास पन्नास ग्रॅम या प्रमाणानें निंबोळ्यांचा भरडा रात्रभर भिजवून, गाळून, त्यांत किंचित् साबण मिसळून, आठवड्यांतून एकदां सायंकाळीं पानांच्या दोन्ही बाजूंस फवारला. तीन आठवड्यांत नवीं पानें सरळ आलीं.

तिसऱ्यावर इलाज नाहीं. विषाणू झाडाच्या अंगीं भिनला कीं तें बरें होत नाहीं, व उभें असेपर्यंत शेजाऱ्यांस रोग देत राहतें. तें उपटणें हाच उपाय. आमचीं अशीं झाडें दोन होतीं, आणि दैवयोग असा कीं नवांत तींच सर्वांत उंच व प्रथम कळ्या धरलेलीं. आई म्हणाली, "काकूंचीं झाडें जिवंत असतां उपटायचीं कशीं?" कोणापाशींच उत्तर नव्हतें. आज पाहूं, उद्यां पाहूं, करतां करतां आठ दिवस गेले. दहाव्या दिवशीं शेजारच्या तिसऱ्या झाडाचा शेंडा तसाच बारीक होऊं लागला. तेव्हां आईनेंच पदर खोंचला व तिन्ही झाडें मुळासकट काढून पिशवींत बांधलीं. आमच्या दयेचें मोल एका झाडानें चुकविलें. ज्यांच्या परसांत मिरची आहे त्यांस आमचें आग्रहाचें सांगणें आहे कीं, या एका बाबतींत मन घट्ट करण्यास विलंब लावूं नये.

सहा झाडें उरलीं. गौरी जेवल्या त्या दिवशीं पहिल्या सात मिरच्या निघाल्या, आणि नैवेद्याच्या पंचामृतांत पडल्या. एक घांस घेतांच बाबांच्या डोळ्यांस पाणी आलें. तें तिखटाचें कीं कशाचें, हें कोणीं विचारलें नाहीं.

मिरचीचा तिखटपणा बियांत असतो असा सार्वत्रिक समज आहे. तो बरोबर नाहीं. बिया ज्या पांढऱ्या गाभ्यास चिकटलेल्या असतात त्या गाभ्यांत तो मुख्यत्वें तयार होतो, बियांस केवळ लागतो. त्या द्रव्याचें नांव कॅप्सेसिन. आपल्या शरीरांत उष्णतेची जाणीव करून देणारें जें प्रथिन आहे, तेंच या द्रव्यानेंहि जागें होतें. म्हणून जीभ न भाजतां भाजल्यासारखी वाटते. हा शोध डेव्हिड ज्युलियस यांनीं १९९७ सालीं लावला, व २०२१ च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकांत त्यांचा वाटा होता. कॅप्सेसिन पाण्यांत विरघळत नाहीं, स्निग्ध पदार्थांत विरघळतें. तेव्हां तोंड भाजल्यास पाण्यापेक्षां दूध किंवा दहीं बरें, आणि मिरच्या चिरून हाताची आग झाली तर आधीं तेल चोळून मग साबणानें हात धुवावे.

पक्ष्यांस मात्र हें तिखट जाणवत नाहीं. पक्षी मिरची न चावतां गिळतात आणि बी दूरवर टाकतात. दाढांनीं बी चिरडणारे प्राणी तिखटामुळें दूर राहतात. निसर्गाची ही योजना आम्हांस पटली, पण महागहि पडली. बियाण्यासाठीं झाडावर राखलेल्या पहिल्या लाल मिरच्या बुलबुलांनीं दोन सकाळींत फस्त केल्या!

पुढील खेपेस आम्ही सावध झालों. मिरचीचें फूल बहुतेक स्वतःच्याच परागानें फळतें, तरी मधमाश्यांमुळें दुसऱ्या जातीशीं संकर होऊं शकतो. शेजारीं ढोबळी मिरची असेल तर यंदाचें फळ बदलत नाहीं, परंतु त्या बियांतून पुढील वर्षीं काय निघेल याचा नेम नसतो. म्हणून निरोगी व भरघोस अशा दोन झाडांच्या कांहीं फांद्यांस, कळ्या उमलण्यापूर्वींच, मलमलीच्या पिशव्या बांधल्या व फळ धरल्यावर त्यांस दोऱ्यानें खूण केली. तीं फळें झाडावरच पूर्ण लाल होऊं दिलीं. मार्गशीर्षांत तोडून, बी काढून सावलींत वाळविलें, आणि वर्ष घालून कागदाच्या पुड्यांत भरलें. बाकीच्या मिरच्या कांहीं ठेच्यांत गेल्या, कांहीं ताकांत मुरवून सांडग्या झाल्या.

पुड्या सात झाल्या. आमचा विचार त्या सर्व डब्यांत ठेवण्याचा होता. आई म्हणाली, "काकूंनींहि डब्यांतच ठेवलें होतें." मग दोन ठेवून पांच वांटल्या. त्यांतील एक काकूंच्या माहेरीं धाडली. तेथून त्यांच्या भाचेसुनेचा निरोप आला कीं, त्यांच्याकडील तो वाण केव्हांच नाहींसा झाला आहे. बी पाहून घरांतील वडील मंडळींस फार आनंद झाला.

पुढें २०२४ सालीं आमच्या परसांत बोकड्यानें पुन्हां उचल घेतली. या वेळीं आम्हीं झाडें वेळेवर उपटलीं. तरी हंगामाअखेर एकहि उरलें नाहीं. उरलेली पुडी व राखलेल्या वीस बियाहि त्याच वर्षीं संपल्या होत्या. २०२५ च्या वैशाखांत कोल्हापुराकडून एक पाकीट आलें. आंत बी होतें, आणि पुडीवर निराळ्याच अक्षरांत लिहिलें होतें: 'लवंगी, २०२४'.

रोहिणी लागतांच आम्हीं तें पेरलें. त्या वर्षीं परसांत आठ झाडें झालीं, आणि मार्गशीर्षांत धरलेल्या बियांपैकीं घरीं एकच पुडी ठेवून बाकीच्या आम्हीं आधींच वांटून टाकल्या.