बारावीनंतरची एक वाट : उपकेंद्राकडे

वैद्यक म्हणजे केवळ डॉक्टरी, या समजुतीने कित्येक होतकरू मुलेमुली आरोग्यसेवेचा विचारच सोडून देतात, याची मनाला खंत वाटते; कारण सपाट मुलखात ५,००० आणि डोंगराळ वा आदिवासी मुलखात ३,००० लोकवस्तीमागे एक आरोग्य उपकेंद्र, या सरकारी मापाने उभारलेल्या व्यवस्थेचा दैनंदिन भार वाहते ती तेथील आरोग्यसेविका. तिचा, म्हणजे एएनएमचा (सहायक परिचारिका-प्रसाविकेचा), अभ्यासक्रम दोन वर्षांचा असून त्यासाठी उमेदवार बारावी उत्तीर्ण व किमान १७ वर्षे वयाची असावी लागते. जीएनएम या परिचर्येच्या पदविकेला तीन, बीएस्सी नर्सिंग या पदवीला चार वर्षे.

शिक्षणाहून अंतःकरणाची तयारी मोठी, हे महाराष्ट्रातील जामखेडने दाखविले : १९७० साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी तेथे आरंभिलेल्या प्रकल्पात ज्या ग्रामीण स्त्रिया आपापल्या गावच्या आरोग्य-कार्यकर्त्या झाल्या, त्यांपैकी कित्येकींना अक्षरओळखही नव्हती, तरी बाळंतपण, बालकांची निगा आणि स्वच्छ पाणी या बाबतींत गाव त्यांचा शब्द मानू लागले.

म्हणून प्रवेशअर्ज भरण्यापूर्वी, परवानगी घेऊन, लसीकरणाचा एक दिवस उपकेंद्रात काढावा : लसींची शीतपेटी, वजनकाटा, नोंदींचे दप्तर, आणि लेकराला कवटाळून बसलेल्या आयांशी आरोग्यसेविका किती धीराने बोलते, ते पाहावे.